कडीचा डबा

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

बार्शीच्या डॉक्टरांनी वनमालेच्या रोजच्या आहाराची नोंद ठेवण्यास सांगितले आहे. ती नोंद मी निराळ्या कागदांवर करतो. ही वही त्या कागदांत न बसणाऱ्या गोष्टींसाठी आहे. तुळजापुरात कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवण्यात माझी हयात गेली. जे लिहून ठेवलेले नाही ते घडले, असे मी सहसा मानत नाही.

वस्तुस्थिती अशी. माझ्या पत्नीला जिभेच्या मुळाशी कर्करोग आहे. किरणोपचार दिवाळीपूर्वी संपले. तोंड आतून सोलवटले आहे, मीठ झोंबते, चव गेली आहे. बोलणे दोन-चार शब्दांचे. वजन असेच उतरत राहिले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले. वनमाला घरात पाऊल टाकल्यावर म्हणाली, "नळी नको." म्हणजे तिने तोंडाने खाल्ले पाहिजे. बाकीचे सर्व प्रश्न दुय्यम आहेत.

मी दीर्घ रजा घेतली आहे. धुणेभांडी महानंदा करते. ती आमच्याकडे फार जुनी आहे. स्वयंपाक आजवर वनमाला करी. आता मी करतो, म्हणजे कुकर लावतो.

आणखी एक गोष्ट एकदाच लिहून संपवतो. आम्हाला एक मुलगी होती. तिने ढोकीच्या युवराज नावाच्या मुलाशी, उसाची शेती करणाऱ्या घरात, आम्हाला न विचारता लग्न केले आणि सोलापुरात बिऱ्हाड मांडले. कळले त्या दिवशी मी तिच्या नावाने आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी. त्यानंतर या घरात तिचे नाव घेतले गेलेले नाही. वनमालेनेही घेतलेले नाही. या बाबतीत तिने मला पूर्ण साथ दिली, हे मान्य केले पाहिजे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

वनमाला दुपारी मोबाइलवर कोरियन मालिका पाहते. माणसे कोरियातली, बोलणे हिंदी. हा नाद तिला कोठून लागला ते कळत नाही. मात्र बरोबर सव्वा वाजता ती मालिका लावते, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. संसारात तिला वेळेची शिस्त कधीच नव्हती. ती आजारपणात आली, याची नोंद करणे न्याय्य आहे. रविवारी लावत नाही. कारण विचारले, तर म्हणाली, "सुट्टी." मालिकांना रविवारची सुट्टी असते हे मला ठाऊक नव्हते.

आज शेजारी बसून एक भाग पाहिला. मधूनच ती मालिका थांबवते, मोबाइलवर काही टिपते, स्वतःशी हसते, पुन्हा चालू करते. कथानक अतर्क्य आहे. परंतु ही माणसे सारखी जेवतात. घरात, रस्त्याकडेच्या गाड्यावर, इस्पितळाच्या बाकावर. आपल्या नैवेद्याच्या ताटासारख्या लहान लहान वाट्या, लालभडक भाज्या, मधोमध उकळते भांडे. एका आजारी मुलीला कोणीतरी डब्यातून वाफाळती पांढरी पेज आणून दिली. वनमालेने पडद्यावर बोट ठेवले. "हे."

किरणोपचार सुरू झाल्यापासून तिने खाण्याचा एकही पदार्थ मागितला नव्हता.

सोमवार, १८ नोव्हेंबर

त्या पेजेला 'जुक' म्हणतात. मी वनमालेला म्हणालो की हा आपला मऊ भातच आहे. नाव बदलल्याने पदार्थ बदलत नाही. ती म्हणाली, "त्यात आणून देणारं माणूस असतं." पाककृतीच्या दृष्टीने हे अप्रस्तुत आहे, पण आजारी माणसाशी वाद घालू नये.

कृती तिने मोबाइलमध्ये पाहत पाहत सांगितली. तांदूळ भिजवून भरड वाटायचे, तिळाच्या तेलावर परतायचे, वाटीला सात वाट्या पाणी घालून मंद आचेवर घोटत राहायचे. मीठ अजिबात नाही. तिळाचे तेल आमच्याकडे समईत जाते. ते कढईत ओतताना मला कसेसे झाले. महानंदा दारातून पाहत होती. म्हणाली, "सर, आता निसता पदर खोचायचा ऱ्हायलाय." वनमाला हसली. हसताना तिला दुखते, हे तिच्या डोळ्यांवरून कळले.

मालिकेत मापे दाखवत नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आले. इतक्या वर्षांचा हात आहे, अंदाजाने ठरवली असतील.

वाटी निम्मी संपली. मी स्वयंपाकघरात जाऊन काही वेळ उभा राहिलो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

जुक रोज होते. कधी भोपळ्याचे, कधी गाजराचे. वजन उतरायचे थांबले आहे. डॉक्टर म्हणाले की काय करता ते चालू ठेवा. मी कोरियन मालिकेचा उल्लेख केला नाही.

आता मीही रोज पाहतो. एक गोष्ट विचित्र वाटते. त्या लोकांत कितीही वितुष्ट असले, बाप मुलाला घराबाहेर काढून वर्षानुवर्षांनी भेटला, तरी पहिला प्रश्न असतो: जेवलास का? हे मी वनमालेला बोलून दाखवले. ती पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटले, पाणी हवे आहे. पाणी दिले. तिने ते प्यायले नाही.

रविवार, ८ डिसेंबर

आजचा दिवस किमचीचा. हे कोबीचे लोणचे त्यांच्या प्रत्येक जेवणात असते. ते लोक त्याला चिनी कोबी वापरतात. आपण बाजारातला साधा घेतला. पाने मिठात निथळत ठेवली. मुळा, लसूण, आले, तांदळाच्या पिठाची खळ आणि त्यांची लाल मिरची. मिरचीचे पाकीट आणि समुद्रातल्या वाळक्या वनस्पतीचे एक पाकीट महानंदाने आणले. तिची बहीण सोलापुरात असते, महानंदा अधूनमधून तिच्याकडे जाते; तिथल्या मॉलमध्ये या वस्तू मिळतात म्हणे. मूळ कृतीत मासळीचे पाणी घालतात. ते अर्थातच वगळले.

वनमाला खाटेवरून हाताने सांगत होती. पान न् पान माखायचे, वरवर नाही. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले. मी विचारले, "हे तू खाऊ शकणार नाहीस. मग एवढं कुणासाठी?"

"टिकतं ते."

"पण खाणार कोण?"

"हात बसू दे तुमचा," ती म्हणाली.

मी चव घेऊन मीठ किंचित कमी असल्याचे सांगितले. पदार्थातले मीठ चुकले असेल तर मी पहिल्या घासालाच सांगतो. सांगितले नाही तर सुधारणा होत नाही. इतकी वर्षे वनमाला त्यावर काही बोलली नाही, आज म्हणाली, "एखाद्या वेळी न सांगता जेवून बघा." मी मीठ घातले आणि बरणीला दादरा बांधला.

शुक्रवार, २० डिसेंबर

मालिकेत आज थंडीची बेगमी दाखवली. तिकडच्या आया हिवाळ्याच्या तोंडावर ढिगाने किमची घालतात आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकींना डबे भरभरून पाठवतात. वनमालेने तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. मी म्हणालो की मोबाइलची बॅटरी संपेल.

किमची आंबून उत्तम झाली आहे. मी भाकरीबरोबर थोडी खातो. हे कोणाला सांगितलेले नाही.

बुधवार, ८ जानेवारी २०२५

शाकंभरी नवरात्र सुरू आहे. सोलापूरकडून गाड्या लोटल्या आहेत, गल्लीत माणूस मावत नाही. देवीला नैवेद्य आमच्या घरून मातोश्रींच्या कडीच्या डब्यातून नेण्याची पद्धत आहे. स्टीलचा डबा, झाकणावर 'सौ. मथुराबाई' असे ठिपक्यांनी कोरलेले. आज फळीवर डबा नाही. सर्व फळ्या, कोठीची खोली, माळा, सगळीकडे पाहिले. मग शंका येऊन बरणीचा दादरा सोडला. किमची तळाशी गेली आहे. वनमाला ती खाऊ शकत नाही. मी खातो ते चमचाभर.

या घरात बाहेरून येणारे माणूस एकच आहे. आज काही बोललो नाही. पूर्ण विचार करून उद्या विचारीन.

गुरुवार, ९ जानेवारी

सकाळी महानंदा भांडी घासून उठली तेव्हा विचारले, डबा कुठे आहे. ती माझ्याकडे न बघता खाटेकडे बघू लागली. वनमालेने हात वर केला. "मी दिला."

"कुणाला?"

तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. ती महानंदाला पाठीशी घालत होती हे उघड होते. जुन्या माणसाचा लळा असतो. मी महानंदाला सांगितले की बाईंना त्रास देऊ नकोस, खरे ते बोल. ती थोडा वेळ पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "म्या नेला, सर."

"आणि बरणीतला कोबी?"

"त्यो बी."

तिने कबूल केले, हे तिच्या बाजूने नोंदवतो. तरी तत्त्वाचा प्रश्न होता. उद्यापासून येऊ नकोस, असे मी आवाज न चढवता सांगितले. वनमालेने खाटेच्या कडेवर तळहात आपटला. सलाइनच्या सुयांनी तो हात आधीच काळानिळा आहे. महानंदा तिच्या पायांना हात लावून निघाली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "डबा परत यील. पर रिकामा न्हाय येनार, येवढं ध्यानात ठिवा."

हा उद्धटपणा मला तिच्याकडून अपेक्षित नव्हता.

सोमवार, २० जानेवारी

माझ्याकडून कृतीत काहीही फरक नाही. तेच तांदूळ, तेच माप, तीच आच. वनमाला खात नाही. चमचा ओठांशी नेला की मान वळवते. वजन पुन्हा उतरू लागले आहे. डॉक्टरांनी नळीचा विषय पुन्हा काढला, तिने पुन्हा मान हलवली.

सव्वा वाजताची मालिका मात्र चुकत नाही. पूर्वी ती मधे थांबवून काही टिपायची. आता बोटे चालत नाहीत, नुसती धरून बसते.

मी विचारले, "महानंदासाठी रागावली आहेस का?" ती म्हणाली, "तुम्हाला काही दिसत नाही हो."

दिसण्यासारखे जे आहे ते सर्व मी रोज लिहितो आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज तिने स्वतः खुणेने समुद्रातल्या वनस्पतीचे पाकीट काढायला लावले. वाळलेली काळी पाने पाण्यात टाकली की फुलून हिरवी होतात. तिळाच्या तेलावर परतून त्यांचे सूप करतात. ही वनस्पती आपल्यात चालावी की नाही यावर मी विचार केला. वनस्पती ती वनस्पती. फक्त घरभर समुद्राचा वास सुटला. आमच्या घरात तो पहिल्यांदाच आला असावा.

तिला बसते केले. मी विचारले, आजच हे का.

ती एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलली. "त्यांच्यात... बाळंतिणीला देतात. मग त्या लेकरानं... दरवर्षी... त्या दिवशी खायचं. आईची आठवण म्हणून."

आजची तारीख कोणती आहे ते मला माहीत आहे. धाराशिवच्या दवाखान्याबाहेर मी सबंध दिवस उभा होतो, तेही मला आठवते. त्याविषयी येथे लिहिणार नाही.

तिने दोन वाट्या मागितल्या. एक स्वतः घेतली आणि तिच्या तोंडात जेवढे मावेल तेवढे, थांबत थांबत, प्यायली. दुसरी माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, "मला नको. मला हा वास सहन होत नाही." तिने ती वाटी माझ्यापुढेच राहू दिली. निवल्यावर मी ती तुळशीत ओतली. परत आलो तेव्हा ती मोबाइलवर, एका बोटाने, काहीतरी लिहीत होती. त्या एका ओळीला तिला फार वेळ लागला.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाणीही उतरत नाही. डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, आता नळी नको. हे ऐकून मला बरे वाटले आणि लगेच त्याचा अर्थ कळला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वनमाला सकाळी गेली. मी तांदूळ भिजत घातले होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कालचे क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिले नाही तर मला ते समजणार नाही.

गल्लीतली माणसे जमली. चुलतभाऊ श्रीनिवासदादा आले आणि त्यांनी सर्व व्यवस्था हाती घेतली. ते म्हणाले, उन्हं कलायच्या आत उरकू. वनमालेला खाली घेतले होते. तिचा मोबाइल खाटेवर राहिला होता. सव्वा वाजले आणि तो वाजला.

आजवर मी तिचा मोबाइल कधी हाती घेतला नव्हता. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. काल घेतला. पडद्यावर ओळ होती: "आई, जेवायला बसले. लावू का?"

वर नाव होते. अक्षरा.

मी ते उभ्याने वाचले. मग खाटेवर बसून वाचले. सव्वा वाजता तिच्या कामावर जेवणाची सुट्टी होत असणार. रविवारी ती कामावर नसते. वाटीला सात वाट्या पाणी, हे मापही तिचेच असणार. मी वर सरकवत गेलो. प्रत्येक दिवशी हाच प्रश्न होता आणि त्याखाली "लाव". दोघी आपापल्या गावी एकच मालिका एका वेळी पाहत होत्या, आणि मी शेजारी बसून शिस्तीचे कौतुक करत होतो. चार तारखेची वनमालेची ओळ अशी होती: "सूप प्याले. बाबांनी केलं."

पुन्हा ओळ आली. "आई? आज बरं नाही का?"

मी उत्तर लिहायला घेतले. 'तुला कळवण्यास अत्यंत दुःख होते की', इथपर्यंत लिहिले. ते पुसले. मग लिहिले, "ये." खाली लिहिले, "बाबा."

दादा तिरडीपाशी उभे होते. मी त्यांना सांगितले की थोडे थांबायचे आहे. कोणासाठी, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. ते आवाज दाबून म्हणाले, "राघवेंद्र, तिच्या नावानं तूच आंघोळ केलीस ना? मेलेल्या माणसासाठी कुणी थांबतं का?"

मी म्हणालो, "थांबा."

सोलापूरच्या गाडीला लागतो तेवढाच वेळ अक्षराला लागला. ती आली, आईपाशी बसली. रडण्याचा आवाज तिने केला नाही; आईचे केस मात्र सारखे करत राहिली. किरणोपचारात ते बरेचसे गेले आहेत. जे उरले तेवढेच पुन्हा पुन्हा. माझ्याकडे तिने पाहिले नाही. युवराज गल्लीच्या तोंडाशी उभा होता. स्मशानापर्यंत तो सर्वांच्या मागून चालला, खांदा द्यायला पुढे झाला नाही आणि कोणी त्याला बोलावले नाही. मीही नाही.

स्मशानातून आलो तेव्हा उन्हे कलली होती. अशा दिवशी घरात चूल पेटत नाही. बाहेरच्या घरून येते ते खायचे असते, त्याला इकडे कडू घास म्हणतात. शेजाऱ्यांचे पिठले-भाकरी यायचे होते. मी ओसरीवर एकटा होतो. अक्षरा दारात आली. तिच्या हातात मातोश्रींचा कडीचा डबा होता.

मागे, उंबऱ्याच्या बाहेर, महानंदा उभी होती.

"महानंदामावशींच्या चुलीवर केलंय," अक्षरा म्हणाली. "डबा माझ्याकडं राहिला होता. तुम्ही घातलेला कोबी आला होता त्यातनं. रिकामा कसा आणायचा?" आणि मग, डबा माझ्यापुढे ठेवत, "बाहेरच्याच घरचं आहे, बाबा. चालतं."

मी महानंदाला आत ये म्हणालो. ती हलली नाही. जागेवरूनच म्हणाली, "डबा नीट बगून घ्या, सर. नाव तुमच्याच आईचं हाय नव्हं?"

मी झाकणावरून बोट फिरवले. ठिपके तसेच होते. अक्षराने झाकण उघडले. जुक होते. भरड तांदूळ, तिळाच्या तेलाचा वास, अजून वाफ येत होती. तिने वाटीत वाढून माझ्यासमोर ठेवले. मी विचारले, "तू जेवलीस का?" ती जेवणावरून उठून आली होती, हे मला ठाऊक असूनही विचारले. तिने मान हलवली आणि स्वतःसाठी डब्याचे झाकण उलटे करून त्यात थोडे घेतले.

मी पहिला घास घेतला. त्यात मीठ नव्हते. आईसाठी कळवलेली कृती तिने तशीच केली होती.

ते मी सांगितले नाही.